मोटारीचा आरसा आणि मागचा माणूस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर पडावे आणि कोणाचे तरी चार शब्द ऐकावेत, ही सवय तेव्हापासून या शहराला जडली आहे. अशा व्यासपीठांवरून स्वराज्यापासून वेदान्तापर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह झालेला आहे. माझा आजचा विषय त्या मानाने फारच लहान, अक्षरशः वीतभर लांबीचा आहे. मागचे दिसावे म्हणून मोटारीला जे आरसे बसविलेले असतात ते कसे लावावेत, एवढेच मला सांगावयाचे आहे. यात तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. मोटार चालविणाऱ्याला वाटेल, हे मला येतेच. आणि मोटार नसणाऱ्याला वाटेल, याचा माझ्याशी संबंध काय? या दोन्ही मंडळींना मी विनंती करतो की, निकाल थोडा वेळ राखून ठेवावा.

प्रथम आपल्या कोथरूडकडे पाहू. महर्षी कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर आपली झोपडी उभारली तेव्हा शहरातून तेथवर पायी जावे लागे, आणि वाटेत मागून कोणी येत असेल तर त्याची चाहूल कानांना लागत असे. आज त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर कानाचा काही उपयोग उरलेला नाही. चांदणी चौकातून पौड रस्त्याने उतरावे, वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी मागे टाकीत पौड फाट्यावरून कर्वे रस्त्याला लागावे आणि नळ स्टॉप गाठावा. अंतर थोडे, पण तेवढ्यात आपल्या दोन्ही बाजूंनी किती वाहने पुढे गेली याची मोजदाद करणे अशक्य आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाझपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत मेट्रो सुरू झाली. पण डोक्यावरून गाडी धावू लागली म्हणून खालची रहदारी कोठे नाहीशी झाली नाही. उलट रस्त्याच्या मध्यभागी खांबांची रांग आली आणि त्या खांबांच्या आडून वळणारी वाहनेही आली.

या रहदारीत सर्वांत मोठी संख्या दुचाकींची आहे, आणि पुण्याचा दुचाकीस्वार हा पाण्यासारखा असतो. जेथे फट दिसेल तेथून तो वाहतो. पुढच्या वाहनाला उजवीकडून मागे टाकावे हा साधारण नियम त्याला पाठ असतो. परंतु डावीकडे हातभर जागा मोकळी दिसली की नियम मागे राहतो आणि स्वार पुढे जातो. तो चूक करतो हे खरे. परंतु डावीकडे गल्लीत वळताना आपण त्याला चेपले तर ‘चूक त्याची होती’ हे वाक्य त्याच्या आईला सांगून काय उपयोग? तेव्हा तो तेथे असणारच असे धरून चालणे, आणि तो आहे की नाही हे पाहून मगच वळणे, हा मोटार चालविणाऱ्याचा धर्म होय. त्याला पाहण्याचे साधन म्हणजे आरसा.

या आरशाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक बोध आहे. डॉरोथी लेव्हिट नावाची एक इंग्रज बाई मोटारींच्या शर्यतींत भाग घेत असे. तिने १९०९ साली स्त्रियांसाठी मोटार चालविण्यावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात सल्ला दिला की, जवळ एक हातआरसा असू द्यावा. केस नीट करावयास तो उपयोगी पडतोच, पण मधूनमधून वर धरला की मागून कोण येते आहे तेही कळते. पुढे १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. प्रत्येक चालकाच्या शेजारी एक मदतनीस बसे आणि मागे वळून पाहणे हे त्याचे एक काम असे. रे हॅरून हा चालक मात्र एकटाच बसला. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, तेव्हा त्याने आपल्या गाडीवर पुढे एक आरसा बसविला; आणि शर्यतही त्यानेच जिंकली. पण गोष्टीचा खरा गाभा पुढे आहे. ती वाट विटांची होती, गाडी इतकी हादरत होती की आरशात काहीच दिसत नव्हते, असे हॅरूननेच पुष्कळ वर्षांनी सांगितल्याचे नमूद आहे. आरसा असणे आणि आरशात दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आरशाच्या पहिल्याच परीक्षेत सिद्ध झाले म्हणावयाचे!

या विषयाचे एक घर आपल्या उशालाच आहे. सकाळी आपल्यापैकी पुष्कळजण जिच्यावर फिरावयास जातात त्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. १९६६ साली तिची स्थापना झाली, आणि टेकडीच्या त्या भागाला लोक ‘एआरएआय टेकडी’ म्हणूनच ओळखतात. भारतातील वाहनांची जी उद्योगमानके आहेत त्या मानकांच्या समितीचे कामकाज ही संस्था सांभाळते. या मानकांच्या मालिकेतील अगदी पहिली दोन मानके आरशांविषयी आहेत: आरसा कसा असावा हे पहिल्यात आणि तो वाहनावर कसा बसवावा हे दुसऱ्यात. परंतु कारखान्यातून मोटार बाहेर पडल्यावर तो आरसा कोणत्या कोनात ठेवावयाचा, हे कोणतेही मानक ठरवू शकत नाही. कारण ते चालकाच्या उंचीवर आणि बसण्यावर अवलंबून असते. तेवढे काम आपल्या हाती सोपविलेले आहे, आणि नेमके तेच आपण करीत नाही.

आता थोडे पदार्थविज्ञान. शाळेत शिकलेला एक नियम आठवा: किरण आरशावर ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने तो परततो. त्यातून असे निघते की, आरसा एक अंश फिरविला तर आपली नजर दोन अंश फिरते. दोन अंश म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण तीस मीटर मागे तेवढ्यानेच सुमारे एक मीटरचा फरक पडतो, आणि एक मीटरमध्ये एक अख्खी स्कूटर मावते. वाहनतळावर कोणाचा कोपर लागून आरसा किंचित हलला, किंवा काल चिरंजीवांनी मोटार नेली होती आणि आज वडील बसले, तर आरसा जागेवर असूनही मागचा स्वार दिसेनासा होतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्या आरशांची. आपल्याकडील बहुतेक मोटारींचे बाहेरचे आरसे सपाट नसतात, किंचित फुगीर म्हणजे बहिर्वक्र असतात. त्यामुळे रस्त्याचा अधिक भाग त्यांत मावतो. पण निसर्ग फुकट काही देत नाही. अधिक मावावयाचे तर प्रत्येक वस्तू लहान दिसली पाहिजे. सव्वा मीटर वक्रतात्रिज्येचा आरसा घेऊन हिशेब केला तर असे दिसते की, वीस मीटर मागची गाडी सपाट आरशात जेवढी दिसली असती त्याच्या निम्म्याहून थोडी लहान चालकाकडील आरशात दिसते. आणि दूरच्या डाव्या आरशात तर सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढीच. लहान दिसते ते लांब आहे, अशी आपल्या मनाची जन्मजात समजूत असते. म्हणून ‘अजून पुष्कळ लांब आहे’ असे म्हणून चालक वळतो, आणि लांबचा स्वार दाराशी येऊन ठेपलेला असतो. आरशात दिसणाऱ्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत, असा इशारा काही आरशांवर छापलेला असतो तो यासाठी. तेव्हा बाहेरच्या आरशाने कोणी आहे की नाही हे ठरवावे; किती अंतरावर आहे याचा अंदाज मधल्या सपाट आरशाने घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली पायरी आरशाची नाहीच, आसनाची आहे. आधी आसन पुढेमागे व वरखाली करून, पाठ टेकून, पट्टा बांधून, रोज जसे बसता तसे बसा. आसन हलले की आरशाचा सारा हिशेब बदलतो. म्हणून आधी आसन, मग आरसा; आणि दोन्ही मोटार उभी असताना. चालत्या मोटारीत आरसा हलविणे म्हणजे चालत्या बैलगाडीच्या चाकाला वंगण घालण्यासारखे आहे.

दुसरी पायरी मधला आरसा. काचेला बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून तो कडेने धरावा आणि मागची काच चौकटीत बसविलेल्या तसबिरीसारखी पूर्ण दिसेल असा फिरवावा. स्वतःचा चेहरा दिसत असेल तर तो चुकला. मागच्या काचेशी उशा, बाहुल्या आणि गावाहून आणलेल्या पिशव्या यांचे प्रदर्शन मांडलेले असेल तर आरसा कितीही चांगला लावला तरी त्यात उशाच दिसणार.

तिसरी पायरी बाहेरच्या दोन आरशांची, आणि सारी गोम येथे आहे. आपल्यापैकी बहुतेकजण हे आरसे असे लावतात की त्यांत आपल्याच मोटारीची बाजू, मागचे दार, कधी कधी तर दाराची मूठसुद्धा चांगली ऐसपैस दिसावी. याने मनाला बरे वाटते, हे कबूल आहे. पण माझा साधा प्रश्न असा की, आपली मोटार आपल्या मागे येत आहे याची खात्री करून घेण्याची गरज आहे काय? ती मागे राहून गेली, असे आजवर कोणाच्या बाबतीत घडलेले नाही. आरशाचा जो भाग आपण स्वतःला पाहण्यात खर्च करतो, तेवढा भाग दुसऱ्याला पाहण्यातून कमी होतो. शिवाय मागचा जो रस्ता मधल्या आरशात दिसतोच, तोच पुन्हा बाहेरच्या आरशात दिसत राहतो. आणि आपल्या खांद्याच्या मागे, शेजारच्या पट्ट्यात, एक पट्टी अशी उरते की ती कोणत्याच आरशात येत नाही. हिला मोटारीवाले ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हणतात. आपण आंधळा कोपरा म्हणू.

हा कोपरा किती घातक असतो याचा हिशेब करू. समजा, आपण ताशी ३६ किलोमीटर वेगाने चाललो आहोत आणि एक स्कूटर आपल्यापेक्षा ताशी ९ किलोमीटर अधिक वेगाने बाजूने येत आहे. वेगातला फरक सेकंदाला अडीच मीटर. आंधळा कोपरा पाच मीटर लांब धरला तर ती स्कूटर त्यात पूर्ण दोन सेकंद असते. या दोन सेकंदांत आपली मोटार वीस मीटर गेलेली असते. आपण तिन्ही आरसे पाहिलेले असतात, इशाऱ्याचा दिवा लावलेला असतो, मन स्वच्छ असते, आणि तरीही माणूस चाकाखाली येऊ शकतो. म्हणून ‘आरशात पाहिले होते, कोणी नव्हते’ असे अपघातानंतर सांगणारा माणूस पुष्कळदा खोटे बोलत नसतो. त्याच्या आरशात खरोखरच कोणी नव्हते.

यावर जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्याने १९९५ साली तेथील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध मांडून अगदी सोपा उपाय सुचविला. तो उपाय आपल्या उजव्या बाजूला बसणाऱ्या चालकासाठी सांगतो. उजवा आरसा लावताना डोके उजवीकडे झुकवून खिडकीच्या काचेला टेकवावे, आणि तेथून आपल्या मोटारीची बाजू जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवावा. डावा आरसा लावताना डोके डावीकडे, मोटारीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे मधल्या आरशाच्या खाली आणावे. आणि तेथून डावी बाजू जेमतेम दिसेल असा तो आरसा बाहेर वळवावा. उंचीच्या बाबतीत क्षितिज आरशाच्या साधारण मध्याशी असावे. मग सरळ बसावे. आता दोन्ही आरशांत आपली मोटार दिसणार नाही. पहिले दोन-चार दिवस चुकल्यासारखे वाटेल. सवय होईपर्यंत धीर धरावा.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. सुटीच्या दिवशी सकाळी मोटार रस्त्याच्या कडेला नीट उभी करा आणि नुसते बसून मागून येणारे एकेक वाहन पाहा. ते प्रथम मधल्या आरशात दिसेल. तेथून ते निसटू लागेल तेव्हा उजव्या आरशात उगवले पाहिजे. उजव्या आरशातून निसटू लागेल तेव्हा मान न हलविता डोळ्याच्या कोपऱ्यात आले पाहिजे. मध्येच ते काही काळ नाहीसे होत असेल तर आरसा थोडा आत-बाहेर करून पुन्हा पाहा. डाव्या आरशासाठी घरातल्या कोणाला तरी मोटारीच्या डाव्या बाजूने मागून पुढे चालत यावयास सांगावे. नातवंडांना या कामात फार गंमत वाटते.

येथे दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. आपले आरसे बहिर्वक्र असल्यामुळे सपाट आरशाइतके ते बाहेर वळवावे लागत नाहीत. वर सांगितलेल्या परीक्षेनेच माप ठरवावे. आणि मागची काच सामानाने झाकलेली असेल, किंवा टेम्पोप्रमाणे ती नसेलच, तर मधला आरसा निकामी होतो. अशा वेळी बाहेरचे आरसे जुन्या रीतीनेच, आपल्या वाहनाची एक बारीक कड दिसेल असे ठेवणे भाग आहे. कोणत्याही रीतीने लावले तरी वळण्यापूर्वी मान वळवून एक नजर टाकण्याचे श्रम वाचत नाहीत. आधी आरसा, मग इशारा, मग पुन्हा आरसा आणि खांद्यावरून एक नजर, आणि सर्वांत शेवटी वळण, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. आपल्याकडे इशारा आणि वळण एकाच क्षणी होतात. तो इशारा नव्हे, ती बातमी होय.

रात्रीविषयी एक शब्द. मागच्या वाहनाचा प्रखर दिवा मधल्या आरशातून डोळ्यांत घुसू लागला की पुष्कळजण आरसाच बाजूला फिरवितात आणि मागच्या बाजूने आंधळे होतात. पुष्कळ मोटारींत त्या आरशाखाली एक छोटी पट्टी असते, ती ओढावी. या आरशाची काच पाचरीसारखी, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते. पट्टी ओढली की मागच्या चकचकीत लेपाचे तेजस्वी प्रतिबिंब छताकडे जाते आणि काचेच्या नुसत्या पुढच्या पृष्ठभागाचे, शंभरातील सुमारे चार भाग प्रकाशाचे, मंद प्रतिबिंब आपल्याकडे येते. दिवा दिसतो, पण दिपवीत नाही. सकाळी ती पट्टी पूर्ववत करावयास विसरू नये.

आता ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांच्याकडे वळतो. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने उलटही येतो. यातून आपल्या जिवाच्या उपयोगाचा एक नियम निघतो: मोटारीच्या, बसच्या किंवा ट्रकच्या आरशात तुम्हांला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही त्या आरशात तुम्ही दिसत नाही. तेथे एक तर मागे राहा किंवा शक्य तितक्या लवकर तेथून निघा. पण बसच्या डाव्या अंगाला चिकटून रेंगाळू नका. आणि दुचाकीस्वारांना वेगळी विनंती. दुचाकीचे आरसे शोभा जाते म्हणून काढून ठेवणारे, किंवा ते आत वळवून भांग पाहणारे तरुण आपल्यात कमी नाहीत. तुमचा आरसा असा असावा की त्यात तुमच्या खांद्याची वा कोपराची एक कड आणि उरलेला सगळा मागचा रस्ता दिसावा. तुम्हांला चेपू शकणारे वाहन मागूनच येते, हे ध्यानात असू द्या.

मोटार थांबली म्हणजे आरशाचे काम संपले, असेही नाही. कडेला मोटार लावून चालक धाडकन दार उघडतो आणि मागून येणारा सायकलस्वार त्यावर आदळतो. आपल्याकडे चालकाचे दार रहदारीच्या बाजूला उघडते, म्हणून हे अधिक भयंकर. आरशात पाहून, मग दार डाव्या हाताने उघडावे. डावा हात उजव्या दाराकडे नेला की धड आपोआप वळते आणि नजर मागे जाते. मुलांना लहानपणीच ही सवय लावावी. मात्र ज्या बाजूला दार असेल त्याच्या उलट हाताने, एवढे त्यांना समजावून द्यावे.

शेवटी, जेथे आरसाच हात टेकतो अशी एक जागा सांगून ठेवतो. मोटारीच्या अगदी मागे, जमिनीलगत, बसलेले किंवा रांगते मूल कोणत्याही आरशात दिसत नाही. आपल्या सोसायट्यांच्या आवारांत मोटारी उभ्या असतात आणि मुलेही तेथेच खेळतात. नव्या मोटारींना मागे पाहणारा कॅमेरा असतो, पण त्याच्या काचेवर पावसाळ्यात चिखल बसतो. मोटार मागे घेण्यापूर्वी तिच्याभोवती पायी एक फेरी मारावी. देवळात प्रदक्षिणा घालावयास आपण कंटाळत नाही. ही प्रदक्षिणा त्याहून लहान आहे.

श्रोतेहो, मी आपणांस नवा कायदा सांगितला नाही, की खर्चाची एखादी योजना मांडली नाही. सांगितले ते करावयास पाच मिनिटे पुरतात आणि एक पैसाही लागत नाही. रस्ते रुंद केव्हा होतील, खड्डे केव्हा बुजतील, इतरांना शिस्त केव्हा लागेल, हे आपल्या हाती नाही. आपला आरसा मात्र आपल्याच हाती आहे. आज घरी जाताना मोटारीत बसल्यावर किल्ली फिरविण्यापूर्वी एकदा दोन्ही बाजूंना पाहा. त्यात आपलीच मोटार दिसत असेल, तर तो थोडा बाहेर वळवा. मागून जो कोणी येत असेल तो कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी आई असेल. त्याचे नाव आपणांस कधी कळणार नाही आणि आपण त्याला पाहिले म्हणून तो सुखरूप घरी पोहोचला, हे त्यालाही कळणार नाही.